पहिली चोरी आमच्याकडं

कोल्हापूरच्या राजारामपुरीत दातांच्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर उदयसिंह सरनोबत आणि अंजना मगदूम या दोन वकिलांचं ऑफिस आहे. खालून दात कोरायच्या मशीनचा आवाज सतत येत असतो. त्यामुळं जिना चढून वर येणारा माणूस आधीच मऊ झालेला असतो आणि फारसं खोटं बोलत नाही, असा अंजनाचा अनुभव. दोघं एकाच प्रकारची कामं घ्यायचे. गुन्ह्याच्या मानानं ज्यांची शिक्षा फार लांबलीय अशी माणसं तुरुंगात शोधायची आणि कोर्टात भांडून त्यांना बाहेर काढायचं. या कामात नाव होत नाही आणि सुटलेला माणूस सहसा पुन्हा तोंड दाखवत नाही, पण दोघांना त्याची चटक लागली होती.

उदयसिंह शिवाजी पेठेतला. उंच, रुंद, आणि आवाज असा की तो फोनवर बोलायला लागला की शेजारच्या ऑफिसातले लोक आपलंच काहीतरी चुकलं समजून उठून उभे राहायचे. वकील होण्याआधी तो गजकेसरी तालमीच्या फुटबॉल संघात बचावाला खेळायचा; कोल्हापुरात तालीम म्हटली की कुस्तीबरोबर फुटबॉलचा संघही आलाच. गुडघा गेला, खेळ सुटला, तालीम मात्र सुटली नाही. संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर तासभर बसल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. अंजना जयसिंगपूरच्या जैन घरातली, मोजकं बोलणारी. ती दिवस मावळायच्या आत जेवायची, त्यामुळं चर्चा पाचच्या पुढं सरकली की फाइल बंद करून उठायची. कित्येक वाद तिनं निव्वळ भुकेपोटी मिटवले होते.

गेल्या दिवाळीनंतर दोघं कळंब्याच्या तुरुंगात कैद्यांना भेटायला गेले होते. तिथं त्यांच्यासमोर कृष्णात येऊन बसला. कसबा बावड्याचा, पस्तिशीच्या आतबाहेरचा, हसतमुख.

"कशासाठी आलास?" अंजनानं विचारलं.

"शिल्डसाठी."

"किती वर्षं झाली?"

"आठ. अजून तेरा हायत."

अंजनाचं पेन थांबलं. "त्यात कुणाचा जीव गेला होता का?"

"न्हाय मॅडम. एका शिल्डवरच्या खेळाडूचा पाय मोडला हुता. त्यो बी मी चिकटवला."

मग त्यानं सगळं सांगितलं. तो बावड्यातल्या भैरोबा स्पोर्ट्स नावाच्या संघाचा कॅप्टन होता. हा संघ स्थापनेपासून काहीही जिंकला नव्हता. एकदा शिस्तीबद्दल पदक मिळालं होतं, तेही पहिल्याच फेरीत हरल्यामुळं बेशिस्तीला वावच मिळाला नाही म्हणून. कृष्णातचं शिवाजी पेठेतल्या स्वप्नाली नावाच्या मुलीशी जमलं. मुलगी तयार होती, पण तिचे वडील गणपतराव हे एका मोठ्या तालमीचे अध्यक्ष. त्यांनी निरोप पाठवला, पोराच्या टीमनं आजवर काय मारलंय ते सांगा. कृष्णात पाच म्हणायला गेला आणि त्याच्या तोंडून सात निघालं. गणपतराव म्हणाले, रविवारी बघायला येतो.

आता सात शिल्ड आणायच्या कुठून? त्याच आठवड्यात फुटबॉलची फायनल होती. दुपारी सगळी पेठ स्टेडियमवर. कृष्णातनं मामाचा भाजीचा टेम्पो काढला, एका फेरीत सात तालमी केल्या, प्रत्येक ठिकाणची एक शिल्ड उचलली, वर कोथिंबीर पसरली आणि बावड्याला आला. शिल्डवरच्या नावांवर त्यानं 'भैरोबा स्पोर्ट्स' छापलेल्या पट्ट्या चिकटवल्या. रविवारी गणपतराव आले, कपाटासमोर चहा घेत उभे राहिले, आणि एक पट्टी सुटून बरोबर त्यांच्या कपात पडली. खाली लिहिलं होतं, 'विजेता – गजकेसरी तालीम'.

"ते काय म्हणाले?" अंजनानं विचारलं.

"चहा पूर्ण पिले. मग म्हणाले, ह्यी आमची न्हवं?"

पोलिसांनी सातही तालमींना शिल्ड ओळखायला बोलावलं, तेव्हा कळलं की आपली शिल्ड गेलीय हे एकाही तालमीच्या लक्षात आलं नव्हतं. फायनलच्या दुपारी तालमीला कुलूपसुद्धा नव्हतं, हे कबूल करायला कुणी तयार होईना. मग प्रत्येकानं फिर्यादीत अंदाजानं निराळीच तारीख सांगितली. सात तारखा, सात गुन्हे. सात खटले वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळ्या कोर्टांपुढं गेले, आणि प्रत्येक कोर्टापुढं तेवढाच कागद होता. कोठडीत कृष्णातला कुणीतरी सांगितलं होतं की कबूल केलं की लवकर मिटतं. म्हणून तो सात ठिकाणी उभा राहिला आणि सात वेळा हात जोडून कबूल म्हणाला. प्रत्येकी तीन वर्षं, आणि एक संपली की दुसरी सुरू. झाली एकवीस.

हे ऐकताना उदयसिंह खुर्चीत हळूहळू ताठ होत गेला.

"गजकेसरीची शिल्ड तू चोरलीस?"

"व्हय साहेब."

"नव्या जाळीच्या कपाटातली?"

"कडी नुसती अडकवलेली हुती."

"उदयसिंह," अंजना म्हणाली, "आपण याचे वकील आहोत."

"ठाऊक हाय मला," उदयसिंह म्हणाला, आणि गाडीत बसताना त्यानं दार आपटून लावलं.

दुसऱ्या दिवशी कृष्णातची आई ऑफिसात आली. तानाबाई, साठीची, काटक. बावड्याहून दोन बस बदलून ती दर महिन्याला मुलाला भेटायला जायची. नवरा मधल्या काळात गेला. अंत्यदर्शनाला मुलाला तासभर सोडलं होतं, तेव्हा सगळा गाव मयताऐवजी त्याच्याकडंच बघत होता, असं ती म्हणाली.

"त्येच्या शेजारचा खुनातला माणूस सुटून गेला, वकीलसाहेब. जाताना ह्येला म्हणाला, सांभाळून ऱ्हा. मला एवढंच सांगा, शिल्ड जड का माणूस जड?"

उदयसिंहनं तिच्यापुढं चहा सरकवला. पण त्याच दिवशी त्यानं अर्ज लिहायला घेतला.

कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आता आलेलं असल्यामुळं मुंबईच्या खेपा वाचल्या. अर्ज साधा होता. या सातही चोऱ्या एकाच दुपारच्या एकाच फेरीतल्या आहेत, तेव्हा साती शिक्षा एकाच वेळी भोगल्या असं धरावं. तसं झालं तर कृष्णातची शिक्षा पाच वर्षांपूर्वीच संपलेली होती. पहिल्या तारखेला न्यायमूर्तींनी कागद चाळले.

"एकच फेरी असेल तर विचार करता येईल. पण इथं सात वेगवेगळ्या तारखा आहेत. आणि ही गजकेसरी तालीम अर्जाला विरोध करायला आलीय. फिर्यादींना नेमकं काय म्हणायचंय ते लेखी येऊ द्या."

बाहेर आल्यावर अंजनानं उदयसिंहकडं पाहिलं. "तुमच्या तालमीनं विरोध केलाय?"

"मला काय विचारताय? मी काल कट्ट्यावर गेलो तर माझ्याशी कुणी बोललंच न्हाय."

तेव्हा दोघं आधी तिथंच गेले. गणपतराव सत्तरीचे, पिळदार मिशांचे, पैलवानकीत कान चपटे झालेले. पेठेत सगळे त्यांना आबा म्हणायचे. तालमीतल्या शिल्डच्या कपाटाला पाठ लावून ते बसले होते. त्या कपाटाला आता तीन कुलपं होती.

"आबा, शिक्षा एकत्र धरा म्हणून मागतोय आम्ही," उदयसिंह म्हणाला.

"एकत्र म्हंजे?"

"साती शिक्षा एकाच वेळी चालल्या असं समजायचं."

"म्हंजे आमची तीन वर्षं आणि तोफखान्याची तीन वर्षं, एकच?"

तोफखाना तालीम म्हणजे गजकेसरीची पिढीजात वैरी. उदयसिंहनं घसा साफ केला. "कायद्यानं."

"उदय, तोफखान्याच्या शिल्डला वरनं मुलामा हाय. आत पत्रा हाय. तुला बी म्हाईत हाय."

"मला माहीत हाय, आबा."

"मग? आमची तीन वर्षं आमची हायत. ती त्येनं येगळी भोगावीत. भेसळ चालणार न्हाय."

अंजनानं मध्ये तोंड घातलं. "आबा, तुमच्या मुलीचं लग्न झालं, सगळं मार्गी लागलं. आता त्या मुलावर राग कशाला?"

"राग न्हाय. स्वप्नालीला मी रेफरीला दिली. मला काय म्हाईत त्यो पुढं आमच्याच मॅची घेणार? जावई आला की सगळी गल्ली दारं लावून घेती. गेल्या दिवाळीला त्यानं ताटावरनं उठता उठता सांगितलं, आबा, त्यो पेनल्टीच हुता. त्यापरास चोर बरा, ह्ये मी आमच्या मंडळींना कितींदा बोललोय. पर शिल्डीचा विषय येगळा हाय."

तोफखान्याचे अध्यक्ष राजवर्धन इंगवले वयानं तरुण, बांधकाम व्यावसायिक. त्यांनी दोघांना एसीत बसवलं, कॉफी दिली आणि शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, मी पूर्णपणे तुमच्याबरोबर आहे. माणसावर अन्याय झालाय. फक्त आमची शिल्ड त्यातनं वगळा, आणि बाकीच्या सहा एकत्र करा."

"का?"

"आमची अखिल भारतीय आहे."

बाकीच्या पाच तालमींतही असंच झालं. सध्या कुणाच्या शिल्डची शिक्षा चालू आहे हे पेठेत सगळ्यांना पाठ होतं. ज्यांची भोगून झाली होती ते निवांत होते. ज्यांची चालू होती ते म्हणाले, मध्येच बंद करू नका, बरं दिसत नाही. सगळ्यात जास्त दुखावली गेली ती सातव्या नंबरची तालीम. त्यांची शिक्षा अजून सुरूच झाली नव्हती.

"आमची पाळी यायच्या टायमालाच तुम्ही सोडणार?" त्यांचे अध्यक्ष डोळ्यांत पाणी आणून म्हणाले. "आमच्याच वाट्याला का ह्ये नेहमी?"

परत येताना गाडीत अंजनानं विचारलं, "एक सांगा. तुम्हाला स्वतःला पटलंय का?"

"काय?"

"सातही शिल्ड सारख्या आहेत हे."

उदयसिंहनं एक सिग्नल जाऊ दिला. "कायद्यानं?"

"हो."

"कायद्यानं… बघू."

पुढच्या आठवड्यात एका कागदावर सही घ्यायला उदयसिंह एकटाच कळंब्याला गेला. सही झाली, कागद घडी करून झाला, पण त्याला उठवेना. शेवटी इकडंतिकडं बघत त्यानं आवाज खाली आणला.

"कृष्णात, एक विचारू? त्या दिवशी पहिल्यांदा कुठल्या तालमीत गेलतास?"

कृष्णातनं त्याच्याकडं नीट पाहिलं. आठ वर्षं आत राहिल्यावर समोरच्याला काय ऐकायचंय हे माणसाला बरोबर कळतं.

"गजकेसरीतच की साहेब. माणूस चांगलं बघूनच सुरुवात करणार न्हवं?"

उदयसिंहनं हे कुणालाही सांगायचं नाही असं ठरवलं, आणि ते कट्ट्यापर्यंत टिकलं. कट्ट्यावर सगळे पाठ फिरवून बसले होते. त्याला राहवलं नाही. त्यानं सांगून टाकलं. गणपतरावांनी त्याला जवळ बसवून घेतलं, चहा मागवला आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं सांगायला लावलं. उदयसिंहचा मोठा आवाज म्हणजे तिथून चार गल्ल्या.

दोन दिवसांनी राजवर्धन इंगवले कळंब्याला गेले. भेटीच्या वहीत नातं लिहायची जागा होती. त्यांनी 'फिर्यादी' असं लिहिलं. पोलिसानं बराच वेळ ते वाचलं, आणि कुठं बसत नाही म्हणून खाली 'परिचित' असं लिहून आत सोडलं. बाहेर येताना राजवर्धन गालातल्या गालात हसत होते. त्यांच्यामागून बाकीच्या पाच तालमींचे अध्यक्ष एकेक करून जाऊन आले. सातव्या नंबरचे तर बाहेर आल्यावर तुरुंगाच्या भिंतीला हात लावून पाया पडले.

अंजनाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला राजवर्धनचा फोन आला.

"मॅडम, पहिली चोरी आमच्याकडं झाली. याची कोर्टात नोंद झाली पाहिजे."

"पहिली म्हणजे कशातली पहिली?"

"त्या दिवशीच्या सातांतली."

"कुठल्या दिवशीच्या?"

"फायनलच्या. अजून कुठल्या?"

अंजना उभी राहिली. खालचं मशीनही त्या क्षणी थांबलेलं होतं. "इंगवले, तुमच्या फिर्यादीत तर त्याच्या दहा दिवस आधीची तारीख आहे."

"ती अंदाजानं दिली होती. फायनलच्या दुपारीच झाली चोरी. त्यानं स्वतः मला सांगितलं, आधी तुमच्याकडं आलो, मग बाकीच्यांकडं."

"हे लिहून द्याल?"

"आत्ता देतो."

फोन ठेवून तिनं उदयसिंहला बोलावलं आणि प्रकार काय आहे ते विचारलं. खालून आवाज नव्हता, तरी त्यानं खरं सांगितलं.

"पक्षकाराचं बोलणं तुम्ही कट्ट्यावर सांगितलंत," ती म्हणाली. "पुन्हा असं केलंत तर मी खालच्या दवाखान्यात कामाला लागेन. दात तरी कुणाला सांगत नाहीत."

"चुकलं माझं."

"चुकलंच. आता बसा, आणि सगळ्यांना फोन लावा. पहिलं यायचं असेल तर शर्यत एकाच दिवशी झालेली असावी लागते, हे अजून त्यांच्या लक्षात आलेलं नाही."

आठवड्याभरात साती अध्यक्ष ऑफिसात येऊन गेले. चोरी फायनलच्या दिवशीच झाली, आधीची तारीख अंदाजानं दिली होती, हे सगळ्यांना मान्य होतं. अडचण वेळेची होती. राजवर्धन म्हणाले, दुपारी एकला. त्यानंतर आलेले म्हणाले, साडेबाराला. त्यानंतरचे, बाराला. सातव्या नंबरचे आले तोपर्यंत चोरी सकाळी नऊवर आली होती. सगळ्यात शेवटी गणपतराव आले.

"सात वाजता," ते म्हणाले. "सकाळी."

"आबा, मॅच चारला होती," अंजना म्हणाली. "सकाळी सातला तालमीत पोरं व्यायाम करत असतील की."

"त्येंच्यादेखत नेली."

"मी वेळ लिहिणार नाही. कुणाचीच नाही. फक्त तारीख. आणि तालमीत त्या वेळी कोण होतं, एवढं सांगा."

"बाळू पैलवान हुता."

"जागा होता?"

गणपतरावांनी छताकडं पाहिलं. "हुता."

"जागा?"

"हुता एवढंच लिवा."

तिनं तेवढंच लिहिलं.

सुनावणीच्या दिवशी साती अध्यक्ष आपापल्या समर्थकांना बाहेर ठेवून कोर्टात येऊन बसले. कुणी कुणाशेजारी बसायचं यावरून पंधरा मिनिटं गेली. शेवटी दोघांच्या मध्ये एक खुर्ची मोकळी सोडायची असं ठरलं, त्यामुळं दुसऱ्या प्रकरणातले पक्षकार भिंतीला टेकून उभे राहिले. मागच्या कोपऱ्यात तानाबाई पदर घट्ट धरून बसली होती. तुरुंगातून कृष्णात पडद्यावर दिसत होता. त्याला आपण दिसतोय की नाही ते कळत नसावं, कारण तो पंख्याला नमस्कार करत होता.

न्यायमूर्तींनी साती प्रतिज्ञापत्रं बाजूला काढली.

"सरनोबत, सगळ्यांनी एकच तारीख मान्य केलेली दिसते. चांगलं आहे. पण प्रत्येक कागदावर शेवटी हातानं एक ओळ वाढवलेली आहे. 'पहिली चोरी आमच्याकडं.' सातही कागदांवर. हा काय प्रकार आहे?"

अंजनानं डोळे मिटले. सह्या झाल्यावर कागद अध्यक्षांच्या हातात जेमतेम दोन मिनिटं राहिले होते.

"मायलॉर्ड," उदयसिंह म्हणाला, "तो जरा स्थानिक विषय आहे."

"या कोर्टाला चोरीच्या क्रमाशी काही कर्तव्य नाही."

गणपतराव उठून उभे राहिले. "साहेब, पर आम्हाला हाय."

"खाली बसा."

ते बसले. आजवर त्यांना खाली बसा म्हणणारा माणूस पेठेत जन्मला नव्हता, त्यामुळं त्यांना ते थोडं आवडलंही असावं.

"मला एकच सांगा, सरनोबत," न्यायमूर्ती म्हणाले. "या सात प्रकरणांमध्ये काही फरक आहे का? की सगळी सारखीच आहेत?"

सगळा अर्ज या एका उत्तरावर होता. उदयसिंहनं अंगावरचा कोट सारखा केला. पाठीमागं गणपतरावांची नजर त्याच्या मानेवर होती. त्यांच्या पलीकडं राजवर्धन हलकंसं हसत होते, आणि तेच जास्त झोंबत होतं. पत्र्याची शिल्ड, त्याच्या मनात आलं. वरनं मुलामा. लहानपणापासून ज्या शिल्डला हात लावायच्या आधी तो हात धुवायचा, ती आणि ही सारखी म्हणायची. अंजनानं टेबलाखालून त्याच्या चांगल्या गुडघ्यावर फाइल मारली.

त्यानं पडद्याकडं पाहिलं. कृष्णातचे हात अजून जोडलेलेच होते. केस पांढरे व्हायला लागले होते. उदयसिंहला तानाबाईचा तो प्रश्न आठवला आणि आपण तिला अजून उत्तर दिलेलं नाही हेही आठवलं.

"सारखीच आहेत, मायलॉर्ड."

"ऐकू आलं नाही. मोठ्यानं बोला."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी उदयसिंहला मोठ्यानं बोल म्हणून सांगत होतं.

"साती सारखीच आहेत. काही फरक नाही."

मागून उसासा आला. तो सात तोंडांतून एकदमच आला, त्यामुळं नेमका कुणाचा ते कळलं नाही. सरकारी वकिलांनी आपली हरकत नसल्याचं सांगितलं. न्यायमूर्तींनी तिथंच आदेश सांगायला सुरुवात केली. सातही चोऱ्या एकाच दिवशीच्या एकाच कृत्याचा भाग दिसतात, सबब शिक्षा एकत्र भोगल्या असं धरण्यात यावं, ती मुदत केव्हाच संपलेली असल्यानं अर्जदाराला तात्काळ सोडावं. लेखनिकानं तालमींची नावं कुठल्या क्रमानं लिहायची असं विचारलं. न्यायमूर्तींनी समोरच्या सात चेहऱ्यांकडं पाहिलं.

"'वरील सर्व' लिहा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कागद तुरुंगात पोचले आणि उन्हं कलायच्या आत कृष्णात एक पिशवी घेऊन बाहेर आला. तानाबाई पुढं झाली. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांनी धरला, कानाची पाळी ओढून बघितली, आणि जाडा झालास एवढंच म्हणाली. मग तिथंच रस्त्याच्या कडेला बसून राहिली. तिला उठवायला अंजनाला हात द्यावा लागला. हात दिलेली अंजना पण मग जरा वेळ तिच्याशेजारीच बसली.

एवढ्यात सात गाड्या येऊन थांबल्या.

"कृष्णात," राजवर्धन पुढं येत म्हणाले, "आता तुला कुणाची भीती नाही. सगळ्यांसमोर सांग. पहिली कुठली?"

सातही अध्यक्षांच्या चेहऱ्यावर एकच खात्री होती. उदयसिंहनं अंजनाला गाडीच्या बाजूला घेतलं. मारामारी झाली तर कुणाला आधी धरायचं याचा तो हिशोब करत होता.

कृष्णातनं पिशवी खाली ठेवली. "खरं सांगू?"

"खरंच सांग."

"आत मी तुम्हा सगळ्यांना तुमचीच पहिली म्हणून सांगितलं. भेटाय कोण येत नव्हतं, तुम्ही आलासा, मग वाईट कशाला बोलायचं. खरं म्हंजे मी टेम्पो लावाय जागा बघत फिरत हुतो. फायनलची गर्दी, जिकडं तिकडं गाड्या. जिथं पहिल्यांदा पार्किंग गावलं तिथं थांबलो."

तिथून जाणारी केएमटीची बस खड्ड्यात आपटून पुढं गेली.

"कुठं गावलं?" गणपतरावांनी विचारलं.

"न्हाय आठवत, आबा. आठ वर्षं झाली. तालमीपुढं लई ऐसपैस जागा हुती, एवढंच ध्यानात हाय."

"म्हंजे आमच्यापुढं," गणपतराव म्हणाले.

"तुमच्यापुढं सायकल लावायला जागा नाही, आबा," राजवर्धन म्हणाले. "आमचा चौक आहे."

"तुमच्या चौकात गटार हाय. टेम्पो गटारात लावला व्हय त्यानं?"

सातव्या नंबरच्यांनी आमच्यापुढं पूर्वी मैदान होतं असं सांगायला सुरुवात केली. या गडबडीत उदयसिंहनं मायलेकांना गाडीत बसवलं. गाडी वळताना आरशात सातही जण रस्त्यावर पावलं टाकून काहीतरी मोजताना दिसत होते. कृष्णात मागच्या सीटवर आईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला होता, तोंड उघडं, आणि तानाबाई त्याच्या तोंडावर येणारं ऊन पदरानं अडवत होती.

"शिल्ड कुठं जड असती का, आई," उदयसिंह एकदम म्हणाला. "आतनं पत्राच असतोय."

"कुठल्या तालमीची?" अंजनानं विचारलं.

"सगळ्यांची," तो म्हणाला, आणि मग रस्त्याकडं बघत, "जवळपास."

चार दिवस कट्ट्यावर त्याच्याशी कुणी बोललं नाही. पाचव्या दिवशी गणपतरावांनी नुसतं सरकून जागा केली. त्यांच्यापाशी विषयही नवीन होता. गजकेसरीच्या दारातला दगडी ओटा त्यांनी दोन हात मागं घेतला होता, आणि समोर पांढरे पट्टे मारून पाटी लावली होती, 'येथे टेम्पो लावण्यास भरपूर जागा आहे'. महिन्याभरात सातही तालमींपुढं तशा पाट्या लागल्या. तोफखान्याच्या पाटीवर रात्री दिवा लागतो.

कृष्णात आता मामाच्याच टेम्पोतून पेठेत दूध घालतो. त्याला कुठंही गाडी लावायला मुभा आहे, नव्हे, लावलीच पाहिजे असा आग्रह आहे. लावली की आतून कुणीतरी हाक मारतं, त्याला चहाला बसवतं, आणि अजून काही आठवतंय का म्हणून विचारतं. सात ठिकाणचा चहा होईपर्यंत दहा वाजतात. दूध रोज उशिरा पोचतं, आणि लोक तक्रार करायला राजारामपुरीत अंजनाकडं येतात.